पिंगुळीची चित्रकथी : ‘पोथी’ या एककाचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील लोककलांचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः दोन दिशांनी जाते. शब्दप्रधान कला लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवल्या जातात, तर दृश्यप्रधान कला चित्रकलेच्या किंवा हस्तव्यवसायांच्या अभ्यासकांकडे. दुर्गा भागवत, रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे यांच्यासारख्या संशोधकांमुळे लोकपरंपरांच्या अभ्यासाला आपल्याकडे विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली, हे खरे. तथापि, ज्या कलाप्रकारात शब्द आणि चित्र एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत, त्याच्या वाट्याला या विभागणीमुळे अर्धवट आकलन येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात असलेल्या पिंगुळी या गावाची चित्रकथी परंपरा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

चित्रकथीचे मूळ एकक सुटे चित्र नसून ‘पोथी’ आहे, आणि हे एकक मोडल्यावर जे उरते त्याचे मूल्यमापन मूळ कलेचे मूल्यमापन म्हणून करता येत नाही, ही प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. ही केवळ सौंदर्यशास्त्रीय काथ्याकूट नव्हे. पिंगुळीच्या ठाकर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हा ठेवा आपण कोणत्या रूपात जपू पाहतो आणि जपण्याच्या नावाखाली त्यातले नेमके काय गमावतो, हा प्रश्न या भूमिकेशी निगडित आहे.

चित्रकथी : संज्ञा आणि परंपरा

चित्रे दाखवून कथा सांगणारा तो चित्रकथी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख सापडतो. चित्र आणि कथन यांचा हा संयोग मराठी मुलखाला किती जुना परिचयाचा आहे, याची त्यावरून कल्पना येते. भारतात इतरत्रही त्याची भावंडे आहेत. बंगालचा पटुआ लांब पट एकेक चौकट उलगडत गातो. राजस्थानचा भोपा पाबूजीची किंवा देवनारायणाची फड रात्रभर वाचतो. मात्र पट आणि फड ही एकसंध पसरट रूपे आहेत. चित्रकथीची पोथी सुट्या पानांची असूनही अखंड आहे, आणि तिचे वेगळेपण नेमके येथेच आहे.

पिंगुळीच्या गुढीपूर वाडीतील ठाकर समाज चित्रकथीबरोबरच कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांचे खेळही करत आला आहे. सावंतवाडी संस्थानच्या भोसले घराण्याचा या कलावंतांना आश्रय होता. कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावच्या देवळात कथा लावायची, हे ठरलेले असे, असे परंपरेने सांगितले जाते. पोथी ही घरातील शोभेची वस्तू नव्हती, हे यावरून ध्यानात येते. ती कुटुंबाच्या हक्काची आणि कर्तव्याची खूण होती. बलुतेदाराच्या घरी हत्यारे जपली जावीत तशी, आणि त्याच वेळी देव्हाऱ्यातील टाक जपले जावेत तशीही, ती जपली गेली. पिढीजात ठेवा या शब्दाला येथे दुहेरी अर्थ आहे.

चित्रकथीची दुसरी ज्ञात शाखा ‘पैठण चित्रे’ या नावाने ओळखली जाते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पैठण परिसरातून मिळवलेल्या चित्रांमुळे हे नाव रूढ झाले आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील संग्रहामुळे ते स्थिरावले. चित्रे जेथे सापडली त्या गावाचे नाव शैलीला चिकटले आणि ती ज्यांच्या हातून फिरत होती त्या कथेकऱ्यांचे नाव मागे पडले. वस्तू ठळक आणि वस्तूचा वापर पुसट, ही पुढील सर्व विवेचनातील अडचण या नामकरणातच बीजरूपाने दिसते.

पोथीचे स्वरूप

‘पोथी’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात अक्षरे येतात. चित्रकथीच्या पोथीत आख्यान लिहिलेले नसते. आडव्या आकाराच्या, साधारणतः तीस बाय चाळीस सेंटिमीटरच्या कागदांवर एकेक प्रसंग रंगवलेला असतो, आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यामुळे प्रत्येक पानाला दोन मुखे असतात. अशा पानांचा एका आख्यानापुरता संच म्हणजे एक पोथी. अहिरावण-महिरावण, इंद्रजितवध, बभ्रुवाहन यांसारखी रामायण-महाभारताच्या परिघातील आख्याने चित्रकथी परंपरेला विशेष प्रिय आहेत. ज्या कथांत मायावी रूपे, पाताळातील प्रवास आणि बापलेकांचे युद्ध आहे, त्या कथा तिने आवडीने उचललेल्या दिसतात.

कथन करणारा वीणेच्या साथीने गातो आणि बोलतो. त्याचे साथीदार टाळ आणि हुडुक वाजवतात व ओळ झेलतात. एक चित्र प्रेक्षकांसमोर असते तोवर त्या प्रसंगाचे कथन चालते. प्रसंग संपला की पान उलटते आणि पाठीवरचे चित्र समोर येते. पान उलटण्याच्या या साध्या क्रियेला फार मोठे कलात्मक मूल्य आहे. कीर्तनकाराचा उत्तररंग किंवा नाटकाचा पडदा जे काम करतो, ते काम येथे एका हाताच्या हालचालीने होते. पुढचे चित्र श्रोत्यांच्या दृष्टिआड असते. ते आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि ते केव्हा दाखवायचे हे एकट्या कथेकऱ्याच्या हाती असते. कथा तर गावाला आधीच माहीत असते. श्रीधराचे ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) चातुर्मासात घरोघर ऐकणाऱ्या समाजाला इंद्रजिताचे काय होणार, याची उत्सुकता उरलेली नसते. उत्सुकता उरते ती ‘केव्हा’ आणि ‘कसे’ याची, आणि ती पानाच्या मागे दडलेली असते.

चित्रभाषेचे वाचन

चित्रकथीतील आकृतींवर घेतला जाणारा एक नेहमीचा आक्षेप असा की, चेहरे साचेबंद आहेत आणि त्यांवर भाव नाहीत. चेहरा बाजूने दाखवलेला, त्यावर एकच मोठा डोळा, ठळक बाह्यरेषा, सपाट रंग, मागची पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी, ही वैशिष्ट्ये पानोपानी आढळतात. राम शोकात असो वा रणात, त्याचा डोळा तसाच राहतो. चित्रकलेच्या रूढ निकषांवर ही उणीव ठरते.

परंतु हे चित्र मूकपणे पाहण्यासाठी काढलेलेच नाही, हे लक्षात घेतले की उणिवेचा अर्थ पालटतो. भाव दाखवण्याचे काम गायकाच्या आवाजाकडे आहे. चित्राने एकच भाव पक्का करून टाकला असता, तर एकाच पानासमोर गायकाला आधी संवाद, मग विलाप, मग निर्धार असा प्रवास करता आला नसता. चेहऱ्याची तटस्थता ही आवाजासाठी मोकळी ठेवलेली जागा आहे. कळसूत्री बाहुलीचा चेहराही कोरलेला आणि स्थिरच असतो, तरी सूत्रधाराच्या बोलण्याबरोबर ती हसते आणि रडते असा भास होतो. एकाच वाडीत, एकाच समाजाकडे बाहुली आणि चित्र या दोन्ही कला नांदत असल्याने हे साम्य योगायोगाचे मानण्याचे कारण नाही. बाजूने दिसणारा चेहरा आणि ठसठशीत बाह्यरेषा यांचे नाते छायाबाहुलीच्या कातीव आकृतीशी सहज जुळते.

रचनेबाबतही हेच म्हणता येईल. बहुतेक चित्रांत पात्रे परस्परांसमोर उभी असतात आणि हात बोलण्याच्या मुद्रेत असतात. युद्धप्रसंगांतही दोन बाजूंची मांडणी समोरासमोरच असते. ही मांडणी संवादाची आहे. गायक एका बाजूचे बोलणे एका स्वरात आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या स्वरात सांगतो, आणि श्रोत्याची दृष्टी चित्रात डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे फिरते. मागे डोंगर, झाडे, महाल यांची दाटी नसल्याने ही दृष्टी कोठे अडखळत नाही. अंतरावर, दिव्याच्या उजेडात बसलेल्या माणसालाही कोण कोणाशी बोलत आहे हे कळले पाहिजे, या गरजेतून ही काटकसर आलेली दिसते. मुकुट आणि अलंकार मात्र तपशीलवार असतात, कारण त्यांवरूनच पात्राची ओळख पटते. याच प्रदेशातील दशावतारी खेळातील वेशभूषेची येथे आठवण व्हावी, हेही स्वाभाविक आहे.

थोडक्यात, चित्रकथीतील चित्र हे अपुरे चित्र नसून, दुसऱ्या अर्ध्या भागाची वाट पाहणारे चित्र आहे. त्याला एकटे पाहून ‘भोळे’ किंवा ‘आदिम’ म्हणणे म्हणजे नाटकाची संहिता वाचून नट दिसत नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे.

पान भिंतीवर लागते तेव्हा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथेला बसणारे श्रोते विरळ होत गेले. चित्रपट आणि पुढे दूरचित्रवाणी आली, संस्थानी आश्रय संपला, देवळांतील नेमणुकांचे स्वरूप पालटले. याच सुमारास संग्राहक आणि अभ्यासक यांचे लक्ष या चित्रांकडे वळले. दिग्दर्शक मणि कौल यांनी १९७७ मध्ये ‘चित्रकथी’ हा माहितीपट केला. पिंगुळी आणि पैठण या दोन्ही शैलींतील चित्रे देशातील व देशाबाहेरील संग्रहालयांत पोहोचली. या कलेचे नाव टिकून राहिले, याचे काही श्रेय या सर्वांना निःसंशय द्यावे लागेल.

परंतु संग्रहात जाताना एकक बदलले. पोथीऐवजी पान मोजले जाऊ लागले. पान चौकटीत बसवले की त्याचे एक मुख काचेकडे आणि दुसरे भिंतीकडे होते. दुसऱ्या मुखावरील प्रसंग कायमचा अंधारात जातो. एका आख्यानाची पाने चार ठिकाणी विखुरली की कथेचा क्रम जुळवणे दुर्घट होते. क्रम हरवला की, लिहिलेला शब्द सोबत नसल्याने, प्रसंगाची ओळखही संशयास्पद होते. अक्षरांच्या पोथीचे सुटे पान निदान वाचता येते. चित्रकथीचे सुटे पान वाचण्यासाठी जो माणूस लागतो, तोच चौकटीबाहेर राहिलेला असतो.

येथे वारली चित्रकलेशी तुलना उपयुक्त ठरेल. लग्नाचा चौक सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर लिहीत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनंतर ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांच्यासारख्या कलावंताने तिला स्वतंत्र, व्यक्तिगत चित्रकलेचे रूप दिले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंत ते कागद हा बदल सर्वांच्या नजरेस पडला. त्यामुळे विधीतले चित्र कोणते आणि कागदावरचे कोणते, हा प्रश्न अभ्यासकांना विचारता आला. चित्रकथी मात्र मुळातच कागदावर होती. देवळातून दिवाणखान्यात जाताना तिचे माध्यम बदलले नाही, आणि म्हणून तिच्यात काही बदल झाला हे कोणाच्या ध्यानीच आले नाही. कागद तोच, रेषा तीच, केवळ तिच्यापुढचा आवाज नाहीसा झाला.

फडीच्या परंपरेतील एक रिवाजही विचार करायला लावणारा आहे. फड जीर्ण झाली की तिला ‘थंड’ केले जाते आणि पुष्करच्या तलावात तिचे विसर्जन होते. ज्या परंपरेला वस्तूचे आयुष्य कळते, तिला वस्तूचा शेवटही कळतो. नवी फड रंगवली जाते आणि कथा पुढे चालते. आपली जतनाची कल्पना नेमकी उलट आहे. आपण वस्तू अमर करतो आणि कथा संपू देतो.

गंजिफा : एक समांतर उदाहरण

याच जिल्ह्यातील सावंतवाडीची गंजिफा हा मुद्दा अधिक स्पष्ट करते. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा अंकांची पाने. पहिल्या पाच अवतारांच्या रंगांत अंकपानांचा चढता-उतरता क्रम उरलेल्या पाचांच्या उलट असतो. खेळाची सुरुवात दिवसा रामाच्या आणि रात्री कृष्णाच्या रंगाने होते. म्हणजे पानाचे मूल्य त्याच्यावरील चित्रात नसून, संचातील त्याच्या स्थानात आणि खेळाच्या वेळेत आहे. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात चितारी कारागिरांच्या साहाय्याने या कलेला पुन्हा उभारी दिली. त्यामुळे गंजिफा रंगवणारे हात टिकले. ती खेळणारे हात मात्र जवळजवळ उरले नाहीत. आज मत्स्याचे किंवा वामनाचे एखादे पान भेटवस्तू म्हणून घेतले जाते, ते त्याच्या गोलाकार देखणेपणासाठी.

गंजिफा आणि चित्रकथी या दोहोंना ‘संचाच्या कला’ म्हणता येईल. संचाच्या कलेत सुटा भाग कितीही सुंदर असला, तरी तो वाक्यातून उचललेल्या शब्दासारखा असतो. शब्दाला अर्थ असतो, परंतु तो काय सांगत होता हे कळत नाही.

उपजीविकेचा प्रश्न

वरील विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोथीच्या अखंडतेचा आग्रह धरणारा अभ्यासक दरमहा वेतन घेतो. कलावंताला घर चालवायचे असते. पूर्ण पोथी विकत घेणारा ग्राहक क्वचित, रात्रभर कथा ऐकणारा श्रोता त्याहून क्वचित. एकट्या गणपतीचे किंवा राम-सीतेचे चौकटीजोगे चित्र मात्र पर्यटक सहज घेतो. अशा स्थितीत सुटे चित्र रंगवणे हा कलेचा ऱ्हास ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे.

म्हणून येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. विक्रीसाठी नव्याने रंगवलेले चित्र ही एक स्वतंत्र निर्मिती आहे. तिच्याकडे चित्र म्हणून पाहावे, तिची रेषा आणि रंगयोजना यांची चिकित्सा करावी आणि तिला योग्य मोल द्यावे. जुन्या पोथीचे पान सुटे करणे ही मात्र निर्मिती नव्हे, ती मोडतोड आहे. पहिल्या व्यवहाराने कलावंत जगतो, दुसऱ्याने ज्या मुळावर तो जगतो तेच तुटते. खेदाची गोष्ट ही की, बाजारात दोहोंनाही ‘चित्रकथी’ हे एकच नाव आहे आणि समीक्षेनेही तो भेद पुरेसा स्पष्ट केलेला नाही.

कायद्याची भाषाही येथे अपुरी पडते. पुरावशेष व कलासंपत्ती अधिनियम, १९७२ हा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला संरक्षण देतो. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा उत्पादनाच्या नावाचे रक्षण करतो. युनेस्कोच्या २००३ च्या करारात, ज्याला भारताने २००५ मध्ये मान्यता दिली, प्रयोगरूप परंपरेला स्थान आहे. वस्तू एका चौकटीत, नाव दुसऱ्या चौकटीत आणि प्रयोग तिसऱ्या चौकटीत अशी ही वाटणी आहे. पोथी या तिन्हींना एकत्र बांधणारी गाठ आहे आणि म्हणूनच ती कोणत्याही एका चौकटीत मावत नाही.

या पार्श्वभूमीवर पिंगुळीतच झालेला एक प्रयत्न महत्त्वाचा वाटतो. परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्याचे रूपांतर करून २००६ मध्ये ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या संग्रहालयाचे वैशिष्ट्य असे की, वस्तू आणि ती वापरणारे कुटुंब एकाच अंगणात आहे. ज्याने पाहायचे त्याने ऐकायचेही, अशी येथे सोय आहे. मोठ्या संग्रहालयांकडे काच आणि वातानुकूलन आहे, पण हे नाही. तथापि, एका कुटुंबाच्या निष्ठेवर संपूर्ण परंपरेचा भार टाकून इतरांनी निश्चिंत राहावे, असाही याचा अर्थ होऊ नये.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. चित्रकथी ही चित्रकला अधिक कथन अशी बेरीज नसून एकच कला आहे, आणि तिचे एकक पोथी हे आहे. सुट्या पानावरून केलेले मूल्यमापन नव्या चित्रनिर्मितीपुरते मर्यादित ठेवावे.

२. चेहऱ्यांची तटस्थता, समोरासमोरची मांडणी, रिकामी पार्श्वभूमी या गोष्टी कौशल्याच्या अभावातून आलेल्या नाहीत. आवाजासाठी आणि अंतरावरील श्रोत्यासाठी केलेली ती योजना आहे.

३. संग्रहालयांनी पान दोन्ही बाजूंनी दिसेल असे मांडावे, आख्यानाचे नाव आणि पानाचा क्रम नोंदवावा आणि विखुरलेल्या पोथ्यांची परस्परांत सूची करावी. त्या क्रमाची खातरजमा कथा सांगणाऱ्यांकडूनच करून घ्यावी, आणि हे काम ती माणसे आहेत तोवरच होऊ शकते.

४. मराठी विभागांनी लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत चित्रकथीला केवळ एका परिच्छेदाची टीप न देता, संपूर्ण आख्यानाचा प्रयोग पाठ्य म्हणून अभ्यासावा. कलावंताला या निमित्ताने मिळणारे मानधन हे दान नसून अध्यापनाचे मूल्य समजावे.

यांतील शेवटची गोष्ट आपल्या हातची आहे. तिच्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. महाविद्यालयाच्या सभागृहात एक रात्र नव्हे, दोन तास जरी एखादी पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लागली, तरी विद्यार्थ्यांना कळेल की या पानाला पाठ आहे, आणि त्या पाठीवर कथेचा पुढचा प्रसंग आहे.